अठरा इंचांचा डबा



हमालांच्या आणि साखर-कामगारांच्या संघटनेत ज्याची हयात गेली, त्या माणसाने यंत्रमानवाच्या मापाविषयी बोलावे, हे आपल्यापैकी कित्येकांना विचित्र वाटले असेल. परंतु माप आणि वजन हा तर आमचा रोजचाच तंटा. साखरेचे पोते एके काळी शंभर किलोचे असे, आता ते पन्नासाचे झाले आहे. प्रौढ पुरुषाच्या अंगावरचे ओझे ५५ किलोंपर्यंत खाली आणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ सालीच केली होती. तेव्हा मर्यादा कोणासाठी घालतात आणि तिने कोणाचे काय बदलते, हे आम्ही पुस्तकातून नव्हे, पाठीवरून शिकलो.

आता मुलांकडे वळू. आशिया-पॅसिफिक देशांतील कॉलेजांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००२ साली सुरू झाली. २००८ साली ती आपल्या पुण्यास भरली, तेव्हा विषय होता गोविंदा, म्हणजे मटक्यातले लोणी यंत्रांनी मिळवायचे! २०१४ साली ती पुन्हा पुण्यास आली. या स्पर्धेत २०१८ सालचा नियम असा होता की, संघाची सारी यंत्रे, त्यांना चालवणाऱ्या बॅटरीसकट, ५० किलोंच्या आत बसली पाहिजेत. म्हणजे बरोबर साखरेचे एक पोते. शाळकरी मुलांच्या ‘फर्स्ट टेक चॅलेंज’मध्ये आरंभी यंत्र अठरा इंच लांब, अठरा रुंद, अठरा उंच एवढ्यात मावले पाहिजे. पंच वाद घालीत बसत नाहीत. डबा पुढे करतात. मावले तर मैदानात, नाही तर दुरुस्त करून आणा.

हा आकडा कोणाच्या लहरीचा नाही. यंत्राची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की वजन दुपटीने वाढत नाही, आठपटीने वाढते. पण ज्या पायांवर ते उभे राहायचे त्यांचा छेद चौपटच होतो. मग मोटर मोठी, बॅटरी मोठी, खर्च मोठा, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या बोटांना धोकाही मोठा. शिवाय ते न्यायचे कशातून? कोपरगावची किंवा संगमनेरची मुले एस.टी.ने पुण्यास जाणार असतील, तर अठरा इंचांचे यंत्र मांडीवर घेऊन जाता येते. तीन फुटांच्या यंत्राला टेम्पो लागतो, आणि टेम्पोचे भाडे कोणाच्या घरून येते हे आम्ही सांगावयास नको.

काही विद्वान म्हणतात, अशाने कल्पकता मारली जाते. आम्हास उलट दिसते. डब्यात बसायचे म्हणून मुले हात दुमडतात, शिडी एकात एक सरकवतात, आणि शिट्टी झाल्यावर तेच यंत्र उंच होऊन उभे राहते. चक्रव्यूहातून वाट काढणाऱ्या यंत्र-उंदरांची शर्यत पाहा, मुंबईच्या आय.आय.टी.च्या टेकफेस्टमध्येही ती झाली आहे. त्यात घर १८ सेंटिमीटरचे असते आणि उंदराला २५ सेंटिमीटरपर्यंत लांबी-रुंदीची मोकळीक असते. पण कोणाच्या तरी ध्यानात आले की काटकोनात वळत बसण्यापेक्षा नागमोडी वाट तिरकी सरळ कापली तर वेळ वाचतो. त्या तिरक्या वाटेची रुंदी हिशेबाने भरते जेमतेम अकरा सेंटिमीटर. तेव्हापासून जिंकणारे उंदीर आपण होऊनच बारीक झाले. नियमाने मोठे होऊ दिले होते. भिंतींनी लहान केले.

एवढे असूनही आमची एक तक्रार आहे. डबा लांबी मोजतो, पैसा मोजीत नाही. त्याच अठरा इंचांत एक जण परदेशी मोटर बसवतो आणि दुसरा भंगारातल्या वायपरची. अमेरिकेतील मोठ्या ‘फर्स्ट’ स्पर्धेत एका सुट्या भागाच्या किमतीलाही कमाल मर्यादा असते. आपल्याकडे गावोगाव होणाऱ्या स्पर्धांच्या चालकांनी तेवढे तरी उचलावे. नियमावली इंग्रजीत येते, तिचा मराठी तर्जुमा वेळेवर निघावा. आणि माप स्पर्धेच्या सकाळी प्रथमच कळता कामा नये. महिनाभर खपून बांधलेले यंत्र अर्ध्या इंचासाठी दारातून परत फिरले, तर ते पोर पुढल्या वर्षी येईलच असे नाही. आमच्या संघटनेत आलेल्या पुष्कळ माणसांची शाळा अशाच एखाद्या दारात संपलेली होती.

आपल्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव, विळद घाट येथे इंजिनियरिंगची कॉलेजे आहेत. त्यांनी प्रत्येक तालुक्याच्या एका शाळेत असा एकेक डबा ठेवावा, एवढीच आमची मागणी. प्लायवूडचे काम, कोणीही सुतार दिवसभरात करून देईल. माप मात्र आतल्या बाजूने घ्यायला सांगावे. फळीची जाडी मुलांच्या अठरा इंचांतून जाता उपयोगी नाही.