किरणोपचाराच्या फेऱ्या



कर्करोगावर व्याख्यान म्हटले की मनात आधी भीती उभी राहते. मी आज रोगाविषयी थोडे आणि उपचाराच्या फेऱ्यांविषयी अधिक बोलणार आहे. कारण आपल्या जिल्ह्यातला रोगी पुष्कळदा या फेऱ्यांनीच खचतो.

ज्याला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात तो किरणोपचार. वास्तविक त्यात ऊब लागत नाही, की त्या वेळी दुखतही नाही. किरण पेशीच्या गाभ्यावर आघात करतात. निरोगी पेशी तो घाव दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्याच अंशी भरून काढतात. रोगट पेशींना ते तितकेसे साधत नाही. म्हणून मात्रा रोज थोडी थोडी, आठवड्यातून पाच दिवस द्यावयाची. सारे हाल यातच आहेत. नगरहून पुण्याला जाऊन-येऊन सुमारे 240 किलोमीटर. तीस शेक म्हणजे 7200 किलोमीटर, आणि यंत्राखाली पडून राहणे किती, तर बहुधा दहा-पंधरा मिनिटे! बाकीचा दिवस एसटीत आणि बाकावर. मग कांदा काढणीला आला की घरची बाई म्हणते, ‘आता बरं वाटतंय, राहू द्या.’ आणि खंड पडला की उरलेल्या रोगट पेशींना वाढायला सवड मिळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सारा उपचार आठ आठवड्यांच्या आत पुरा करावा असे वैद्यक सांगते, ते याचसाठी.

जामखेडकरांना 1982 साली बार्शीला निघालेले नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय जवळ पडते. अकोल्याच्या माणसाला मात्र डोंगर उतरून दूर जावे लागते.

रुग्णालयाने काय करावे? प्रत्येकाला ठरीव वेळ द्यावी, आणि ती देताना गाडीची वेळ विचारावी. सकाळी आठला सर्वांना बोलावून नावे पुकारीत बसणे ही सोय कोणाची? कोबाल्टच्या यंत्राचे तर आणखी एक गणित आहे. त्याचे तेज सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मे होते, म्हणजे तेवढ्याच मात्रेला दुप्पट वेळ लागतो. उगम वेळेवर बदलला नाही, तर बाहेरची रांग आपोआप लांबते.

शास्त्रानेही फेऱ्या कमी केल्या आहेत. स्तनाच्या कर्करोगात 25 ऐवजी 15 मात्रा पुरतात, हे ब्रिटनमधील चाचण्यांनी दाखविले. 2020 साली तर निवडक रोग्यांत पाच मात्रांचाही निष्कर्ष आला. आपल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने गर्भाशयमुखाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या 300 स्त्रियांवर चाचणी घेतली. रोज प्रतिमा पाहून नेमके किरण दिले, तर आतड्याचा उशिरा होणारा त्रास तीन वर्षांत 42 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर येतो, असे 2021 साली प्रसिद्ध झाले.

आता घरच्यांसाठी दोन शब्द. बाहेरून किरण घेऊन आलेल्या माणसाच्या अंगात किरण शिल्लक राहत नाहीत. त्याचे ताट-तांब्या वेगळे काढू नका, नातवाला त्याच्या मांडीवरून उचलू नका. गळ्याच्या रोग्याला जाळीदार मुखवटा घालून टेबलाला जखडतात, खोलीत एकटे ठेवतात. बाहेरून त्याला कॅमेऱ्यातून पाहत असतात, हात वर केला की यंत्र थांबते, एवढे आदल्या दिवशी सांगितले तरी निम्मी धास्ती जाते. मुंबईला राहण्याचा प्रश्न असेल, तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी. रेल्वेची सवलत रोग्याबरोबर सोबत्यालाही मिळते. आणि अंगावर ज्या खुणा करतात, त्या आंघोळीत घासून काढू नयेत. पुसल्या तर आपण गिरवू नयेत, तसेच जाऊन सांगावे.