स्टेटस कोणाचं?

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजक ताईंनी मला विषय कळवला तेव्हा मी आधी नकारच दिला होता. विषय होता, ‘मोबाईलवरून गटाच्या मालाला गिऱ्हाईक कसं मिळवावं’. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, दहा वर्षं सल्ला केंद्रात बसणारी बाई. नवऱ्याने घराबाहेर काढलं, पोटगी मिळत नाही, मारहाण होते, या माझ्याकडच्या केसेस. व्यापार हा माझा प्रांत नाही. पण केंद्राची नोंदवही चाळली तेव्हा लक्षात आलं, की गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या भांडणांत मोबाईल कुठे ना कुठे असतोच. आणि त्यातल्या बऱ्याच बाया मोबाईलवरून काहीतरी विकणाऱ्या आहेत. म्हणून आले. जे सांगायचंय ते एका गटाच्या अनुभवातून सांगते. गटाचं, बायांचं नाव घेणार नाही. का, ते पुढे कळेल.

सोलापूर जिल्ह्यातला अकरा जणींचा हा गट. शेंगाचटणी आणि ज्वारीच्या कडक भाकऱ्या करतो. २०२० पर्यंत त्यांची विक्री म्हणजे आठवडी बाजार आणि प्रदर्शनं. प्रदर्शनाचा आपल्या सगळ्यांना अनुभव आहे. चार दिवस स्टॉलवर उभं राहायचं, मुलांना आईकडे ठेवायचं, रात्री धर्मशाळेसारख्या हॉलमध्ये झोपायचं. माल खपतो, नाही असं नाही. पण घरी गेल्यावर ज्या बाईला चटणी आवडली ती पुढच्या महिन्यात आपल्याला शोधणार कुठे? त्यात २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, बाजारही बंद, प्रदर्शनंही बंद. भाकऱ्यांचे डबे घरात रचलेले.

तेव्हा मी पुढाकार घेतला. इथे मला स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. मी फेसबुकवर गटाचं पान काढलं. मजकूर मी लिहिला. ‘ग्रामीण महिलांच्या सक्षमीकरणासाठी एक पाऊल’, असा. फोटोत अकरा जणी एकसारख्या साड्या नेसून, मागे संस्थेचा बॅनर. आपल्या क्षेत्रातल्या सगळ्या मैत्रिणींनी अंगठे दाखवले, अभिनंदन केलं. तीन महिन्यांत ऑर्डरी आल्या सात, त्यातल्या पाच आपल्याच कार्यकर्त्यांच्या. चटणी कशी लागते, हे त्या सगळ्या मजकुरात मी एकदाही लिहिलं नव्हतं. अहवाल लिहायची सवय, दुसरं काय.

गटात एक मावशी आहेत, साठीच्या आसपासच्या. त्यांना ते पान दाखवलं तर म्हणाल्या, “ह्यात आमी कुटं हाव?” मग त्यांनी सुनेच्या मोबाईलवर दोन मिनिटं बोलून दिलं. समोर उखळ, मागे कोंबडा आरवतोय. विषय एवढाच, की कुटलेली चटणी आणि मिक्सरमधून काढलेली चटणी कशी ओळखायची. कुटलेलीला शेंगदाण्याचं तेल सुटतं, ती बोटाला धरते, गोळा होतो. मिक्सरची भुरभुरीत राहते. “घ्या किंवा घेऊ नका, पण ओळखायला शिका,” असं म्हणून मोबाईल बंद.

सुनेने ते आपल्या व्हॉट्सॲप स्टेटसला लावलं. तिथून ते पुण्याला, पिंपरी-चिंचवडला गेलं. सोलापूर सोडून नोकरीसाठी तिकडे गेलेली माणसं खूप आहेत, आणि कडक भाकरीची आठवण त्यांच्या जिभेवर आहे. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. का झाले? मावशींनी कुणाला मदत मागितली नव्हती. त्यांना जे येतं, जे दुसऱ्या कुणाला तितकं येत नाही, ते त्यांनी आपल्या बोलीत सांगितलं. माणूस अशा बाईवर विश्वास ठेवतो.

पण एकदा बोलून भागत नाही. पंधरा दिवसांनी फोन थांबले. हे त्या अकरा जणींना माझ्यापेक्षा आधी कळलं, कारण त्या बाजारात बसलेल्या आहेत. बाजारात तुमची जागा ठरलेली लागते. दोन आठवडे ती मोकळी दिसली की गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडे वळतं. तर त्यांनी ठरवलं, मंगळवार आणि शुक्रवार. या दोन दिवशी काहीतरी सांगायचंच, आणि एरवी नाही. रोज टाका, दिवसातून तीनदा टाका, असं सांगणारे प्रशिक्षक असतात. त्यांच्या घरी भांडी कोण घासतं, हे एकदा विचारावंसं वाटतं मला.

काय सांगतात त्या? या मंगळवारी मालदांडी ज्वारी कुठून आणली, दळताना काय बघितलं. शुक्रवारी भाकरी भाजताना चुलीचा जाळ किती ठेवायचा. एकदा सलग पाऊस होता तर, “या आठवड्यात भाकऱ्या वाळल्या नाहीत, मऊ पडतील, म्हणून देत नाही,” एवढंच. त्यावर मी म्हटलं, “अहो, नाही म्हणायला कशाला स्टेटस लावता?” तर त्याच दिवशी पुढच्या आठवड्याच्या ऑर्डरी नोंदवल्या गेल्या.

दोन तांत्रिक गोष्टी पटकन सांगते, कारण यात आम्ही बरेच महिने घालवले. स्टेटस चोवीस तासांत जातं. आणि ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवलेला आहे. म्हणून आता पाकिटावरच छापलंय, ‘हा नंबर साठवून ठेवा’. आणि विचारल्याशिवाय कुणाला यादीत घालायचं नाही. तिसरी गोष्ट, वही. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, काय नेलं, हे सगळं हाताने वहीत लिहिलेलं असू द्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे, ‘आपली आजी’ म्हणून तुम्ही त्यांना ओळखता, २०२० मध्ये नातवाच्या मदतीने रेसिपी दाखवायला लागल्या आणि घराघरांत पोचल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचं यूट्यूब चॅनल कुणीतरी पळवलं. काही दिवसांनी परत मिळालं, पण त्या दिवसांत काय झालं असेल याचा विचार करा. ती जागा आपली नव्हे, भाड्याचीही नव्हे. वही आपली.

आता खवट शेंगदाण्यांची गोष्ट. एका खेपेला शेंगदाणे जुने निघाले. चटणी गेली होती पुण्याला, एस.टी.च्या पार्सलने. दोघी-तिघींची तक्रार आली. माझा सल्ला, ज्यांनी तक्रार केली त्यांचे पैसे गुपचूप परत करा, गाजावाजा नको. बैठकीत यावर बरीच वादावादी झाली. शेवटी मावशींनी मंगळवारच्या ठरलेल्या वेळेला सांगून टाकलं, की मागच्या खेपेची चटणी खवट आहे, खाऊ नका, पैसे परत देतो. परत दिलेही. गटाला त्या महिन्यात काहीच उरलं नाही, आणि दोघींनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला, कारण त्यांना माझाच सल्ला पटला होता. काही गिऱ्हाइकं कायमची गेली. बरीचशी राहिली. याहून मोठा दावा मी करणार नाही.

पण ‘खरं सांगा’ या शब्दाचा एक दुसरा अर्थ बाजारात आहे, आणि तिथे माझ्या हातून चूक झाली. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं गेलं, की गिऱ्हाइकाला माल नको, कहाणी हवी. गटात एक विधवा वहिनी होती. तिने आपली कहाणी सांगितली. नवऱ्याचं दारूचं व्यसन, त्याने घेतलेलं विष, सगळं. मीच रेकॉर्ड केलं. ते खूप लोकांनी पाहिलं, चटणीही खपली. आणि तिच्या मुलीला शाळेत पोरं त्यावरून चिडवायला लागली. सासरच्यांनी घराण्याची अब्रू काढली म्हणून जमिनीच्या हिश्श्याचं बोलणं बंद केलं. तिने काढून टाका म्हटल्यावर आम्ही काढलं. पण फिरलेलं परत कसं आणणार? ती मला कधी एका शब्दाने बोलली नाही. गट मात्र सोडला.

त्यानंतर गटाने ठराव केला, तो त्यांच्याच शब्दांत सांगते: चटणीचं खरं गिऱ्हाइकाला, घरचं खरं आपल्या बैठकीत. आज मी नावं घेत नाही ती यामुळे.

आता मोबाईल कोणाचा, हा प्रश्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बाया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. म्हणजे आपण ज्या मोबाईलवर धंदा करा म्हणतो तो अनेकींच्या घरात नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, आणि ‘जरा दे’ म्हणून मागून घ्यावा लागतो. आमच्या मावशींची सून, जिच्या मोबाईलवर हे सुरू झालं, तिला रात्री अकरा-साडेअकराला फोन यायला लागले. सुरुवात चटणीच्या भावाने, मग घाणेरडं बोलणं. नवऱ्याने मोबाईल काढून घेतला. तिच्याच बाबतीत नव्हे, अकरा जणींचा धंदा त्या दिवशी बंद पडला.

तक्रार द्यायला गेलो तर पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “नंबर सगळ्यांना दिलातच कशाला?” किराणा दुकानदार पाटीवर हातभर मोठा नंबर रंगवतो, त्याला हे कुणी विचारत नाही. बाईने स्पष्ट नाही म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा पाठलागाचा गुन्हा आहे, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ बघा, आधी तो दंडविधानात होताच. पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा नंबरही लिहून ठेवा. पण कायदा नंतर. गटाने पहिलं काम केलं ते म्हणजे गटाच्या पैशातून वेगळा मोबाईल आणि वेगळा नंबर घेतला. तो आठवड्याला एकीकडे, पाळीने. रात्री आठला बंद. आलेला प्रत्येक वाईट निरोप पुसायचा नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. आणि जिच्याकडे मोबाईल तिला त्या आठवड्याची मजुरी. हे शेवटचं पटायला वेळ लागला. “बोलायचे कसले पैसे?” असं बायाच म्हणाल्या. मग एका बैठकीत घड्याळ लावून बसलो. उत्तरं देणं, पत्ते लिहिणं, पैसे आले का बघणं, यात रोजचा दीड तास निघाला. तो आता चटणीच्या भावात धरलेला आहे.

पैसे आले का बघताना आणखी एक गोष्ट बाहेर पडली. गटाचा नवा मोबाईल येईपर्यंत पैसे ज्या-त्या बाईच्या घरी जात. मी प्रत्येकीला विचारलं, तुझा क्यूआर दाखव. अकरापैकी सात क्यूआर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याचे. व्हिडिओत बाई, आवाज बाईचा, उखळीत हात बाईचा, आणि पैसे जमा झाल्याची घोषणा होते ती नवऱ्याच्या खिशात. मी चार वर्षं तिथे जात होते, मला दिसलं नव्हतं.

सातातले पाच आम्ही बदलून घेतले. बँकेत खातं होतं पण त्याला मोबाईल नंबर मुलाचा जोडलेला, अशी बहुतेकींची अडचण, त्यासाठी तीन-तीन हेलपाटे झाले. उरलेल्या दोघींपैकी एक म्हणते, घरात तमाशा नको. दुसरी मावशी. त्यांचा मुलगा म्हणतो, “आईला काय कळतंय त्यातलं.” ज्या बाईचं बोलणं ऐकून पुण्याहून माणसं पैसे पाठवतात, तिला.

माझं बोलणं जरा लांबलं. चहानंतर गट पाडून बसू. व्हिडिओ कसा काढायचा ते तिथे बघूच, पण त्याआधी प्रत्येकीने आपल्या गटाच्या मालाचं एक पाकीट काढून ठेवा. त्यावर छापलेला नंबर कोणाचा आणि क्यूआर कोणाच्या खात्याचा, हे फळ्यावर लिहून सुरुवात करू.