पँटीचा नंबर आणि पोटाचा घेर

लग्नसराईत गुलमंडीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. फुलंब्री, पैठण, गंगापूरकडची मंडळी बस्ता बांधायला येतात. नवरदेवाचे काका दुकानदाराला ठणकावून सांगतात, "चौतीसच द्या, कित्येक वर्षांत नंबर बदललेला नाही." खरंच बदललेला नसतो. पँट आता पोटाच्या खाली बांधली जाते, एवढंच. धोतराला आणि लुगड्याला तर नंबरच नव्हता, त्यामुळे घेर कधी वाढला हे घरात कुणाला कळतच नसे.

"शेतकऱ्याला कसला आलाय लठ्ठपणा?" असं आपण अजून म्हणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे काढून बघा. २०१५-१६ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी १५ आणि पुरुषांपैकी १४ जास्त वजनाचे होते. २०१९-२१ मध्ये दोन्ही आकडे विसाच्या आसपास पोचले. आणि त्याच वेळी गावाकडच्या शंभरातल्या २१ बायका अशक्त, वजनाला कमी भरल्या!

याचं कारण शेताच्या बांधावर दिसतं. हाती चार पैसे आले की माणूस आधी अंगमेहनतीतून सुटका विकत घेतो. वावरात जायला मोटारसायकल, पेरणीला ट्रॅक्टर, तणाला फवारणी. विहिरीवरची मोटारसुद्धा आता ओट्यावर बसून मोबाइलवरून चालू होते. यात मला काही वावगं वाटत नाही. रात्री लाइट आली म्हणून साप-विंचवाच्या अंधारात पाणी द्यायला कुणी हौसेनं जात नव्हतं. पण कापूस वेचणं, खुरपणं, हे वाकून करायचं काम रोजंदारीच्या बायांकडेच राहिलं. मालकाचे कष्ट घटले, ताट मात्र तेवढंच राहिलं. वर चहा आणि फरसाण आलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं अभ्यासली. वजनाला कमी, अंगानं किडकिडीत, तरी चरबी त्या मानानं जास्त! म्हणजे हातपाय काटकुळे आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. शिंप्याची टेप घ्या, श्वास सोडा आणि बेंबीच्या रेषेत माप घ्या. पुरुषांचं माप ९० सेंटिमीटरच्या, बायकांचं ८० च्या पुढे गेलं तर रक्तातली साखर तपासून घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखी हालचाल करायला सांगते. शहरात हे सोपं आहे. गावात मात्र बाई बिनकामाची रस्त्यानं निघाली की पारावरून प्रश्न येतो, "कुठं निघाली गं?" पुरुषाला विचारतात, "गाडी बिघडली का?" बचत गटाच्या बाया घोळक्यानं निघाल्या तर कुणी हटकत नाही. शाळेचं मैदानही संध्याकाळी मोकळंच पडलेलं असतं. गटाची पुढची बैठक तिथंच चालता चालता घ्यायला काय हरकत आहे?