खारा वारा आणि मतलई



विजयदुर्गच्या धक्क्यावरून पहाटे मचवा सुटण्यापूर्वी आमचा वृद्ध तांडेल प्रथम पाहत असे, तो पलीकडच्या काठावरील घरांच्या कौलांतून वर येणाऱ्या चुलीच्या धुराकडे. तो धूर समुद्राच्या दिशेने कललेला असला, म्हणजे मतलई वारा अजून वाहता आहे असे ओळखून तो शीड चढविण्यास सांगे. दहाच्या सुमारास तोच धूर काठीसारखा सरळ उभा राही, पाण्यावर तेल ओतल्यासारखी निश्चलता येई, आणि मग पश्चिमेकडे दूरवर एक काळसर रेघ उमटून बघता बघता किनाऱ्याकडे सरकू लागे. "आला दर्यावरचा," एवढेच तो म्हणे.

त्या रेघेमागून येणारा खारा वारा दुपारी तीनच्या सुमारास भरास येतो, दिवस मावळल्यावर मंदावतो, आणि रात्र चढल्यावर जमिनीकडून पुन्हा मतलई सुटतो. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते व लवकर निवते, एवढेच त्याचे कारण शाळेच्या भूगोलात दिलेले असते, आणि ते यथार्थही आहे. परंतु तो नियम सपाट व सरळ किनारा गृहीत धरून सांगितलेला असतो, आणि आमचा कोकणचा किनारा सपाटही नाही व सरळही नाही. सुमारे 720 किलोमीटरांच्या या पट्टीत सह्याद्रीचे फाटे ठिकठिकाणी थेट समुद्रात उतरले आहेत, आणि त्यांच्यामधून सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण अशा नद्यांच्या खाड्या कोसच्या कोस आत शिरल्या आहेत. रात्री डोंगरउतारावर निवालेली जड हवा दरीदरीने खाली उतरून मतलईस मिळते, आणि मग खाडीच्या चिंचोळ्या वाटेत कोंडलेला तो वारा मुखाशी अशा वेगाने बाहेर पडतो की, दोन मैलांवरच्या उघड्या पुळणीवर माडाचे पानही हलत नसताना येथे शीड आवरता आवरत नाही. दुपारी हीच तऱ्हा भूशिरांची. टोकाला वळसा घालताना वारा तीव्र होतो, आणि कड्याच्या आडोशास मचवा आला की शीड एकाएकी लुळे पडून, पुढच्याच क्षणी कड्यावरून उतरणारा झोत त्यावर आडवा आदळतो.

वाऱ्याचे घड्याळ रोजचे एकच. भरतीचे मात्र रोज सुमारे पन्नास मिनिटे मागे पडते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या लहान मुलासही तोंडपाठ असतो. चतुर्थीस दुपारी तीनला भरती पुरी होते, म्हणून त्या दिवशी चढते पाणी आणि खारा वारा दोघे मिळून मचवा सुखरूप घरी आणतात. द्वादशीस मात्र सकाळी नवाला भरती होऊन तीनपर्यंत ओहोटी चालते, आणि बाहेर धावणारे पाणी व आत घुसणारा वारा खाडीच्या मुखाशी भिडले म्हणजे तेथे लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. त्याच खाडीत, त्याच वाऱ्यात, केवळ आठ तिथींच्या अंतराने मार्ग निर्धोक किंवा प्राणघातक ठरतो.

विजयदुर्गच्या मुखाशी वाळूचा दांडा नाही, म्हणून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांतही तेथे जहाजांना आश्रय मिळतो. आंग्र्यांच्या आरमाराने ते ठाणे जिवापाड जपले, त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे असे मला वाटते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण असून, पावसाळ्यात त्याची छावणी कोठे करावी याचीही त्यात तजवीज सांगितली आहे. दर्यावर अंमल बसवायचा तर आधी वारा जाणला पाहिजे, हे त्या मुत्सद्द्यांस पक्के ठाऊक होते.

मुंबईकरांस वाऱ्याची आठवण होते ती मार्च महिन्यात, जेव्हा पूर्वेकडील कोरडे वारे प्रबळ होऊन खाऱ्या वाऱ्यास दुपारपर्यंत अडवून धरतात. 28 मार्च 1956 रोजी सांताक्रूझ येथे पारा 41.7 अंशांवर गेला होता. पण उकाडा सोसता येतो. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट वादळी वाऱ्यात व लाटांत सापडली, आणि दोनेक तासांच्या त्या नित्याच्या प्रवासात सहाशेहून अधिक माणसे बुडाली.

1826 साली स्थापन झालेल्या कुलाब्याच्या वेधशाळेपासून आजपर्यंत हवामानखात्याने केलेले कार्य अमोल आहे, आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला असता जो नाखवा नांगर उचलतो तो आपल्याबरोबर खलाशांचाही घात करतो, हे मी निक्षून सांगतो. तथापि सबंध किनारपट्टीसाठी दिलेल्या इशाऱ्यात अमुक खाडीचे मुख व तमुक कड्याचा आडोसा येणे शक्य नाही. ते ज्ञान तांडेलांच्या मुखी आहे, आणि होड्यांवर यंत्रे बसून शिडे उतरल्यापासून ते विचारणारा कोणी उरलेला नाही.

म्हणून किनाऱ्यावरील गावांतून हे भाषण ऐकणाऱ्या शिक्षकांस व विद्यार्थ्यांस माझी विनंती आहे की, आपल्या बंदरातील एखाद्या वृद्ध तांडेलाजवळ वही घेऊन बसावे, आणि तिथी, वेळ, वाऱ्याची दिशा व त्या वाऱ्यास तो ज्या नावाने ओळखतो ते नाव, तो सांगेल तसे उतरून घ्यावे. पावसाळा संपून मतलई सुरू होईल, त्याच आठवड्यात या कामास हात घालावा.