उजाड कुरणावरील वन आणि मातीचा कस



मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशाच्या वायव्य भागात ग्वानाकास्टे हा प्रांत आहे. तेथील मूळ वन विदर्भातील वनांप्रमाणेच शुष्क व पानझडी. वर्षातील पाच-सहा महिने तेथे पाऊस जवळजवळ नसतोच. गुरांच्या कुरणांसाठी या वनाचा मोठा भाग तोडला गेला. १९७१ साली सांता रोसा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि १९८०च्या दशकात डॅनियल जॅन्झेन या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने, वणवे रोखून पडीक कुरणांवर वन पुन्हा उगवू देण्याचे कार्य सुरू झाले.

काही जमिनींवर मात्र झाड धरेना. आफ्रिकेतून आणलेल्या जारागुआ गवताने त्या व्यापल्या होत्या आणि मातीचा कस गेला होता. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील एका संत्रारस कारखान्याशी करार झाला. कारखान्याने आपली वनजमीन संरक्षित क्षेत्रास द्यावी व मोबदल्यात फळांची साल व चोथा उजाड कुरणावर टाकावा, असा तो करार होता. सुमारे तीन हेक्टरांवर बारा हजार टन चोथा पडला. प्रतिस्पर्धी कारखान्याने न्यायालयात धाव घेतली आणि हे काम बंद पडले. जागा विस्मृतीत गेली.

सुमारे सोळा वर्षांनी संशोधक तेथे परतले, तेव्हा पिवळ्या अक्षरांची सात फुटी पाटीसुद्धा झाडावेलींच्या गर्दीत दिसेना. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जमिनीवरील काष्ठभार शेजारच्या तशाच जमिनीपेक्षा १७६ टक्के अधिक भरला. वृक्षांच्या जातीही अधिक आढळल्या आणि माती अधिक कसदार निघाली.

तथापि याचे सारे श्रेय पोषक द्रव्यांना देणे घाईचे ठरेल. चोथ्याच्या जाड थराखाली गवत गुदमरले, हेही तितकेच महत्त्वाचे. त्याच प्रदेशातील अशाच पुन्हा उगवलेल्या वनात नत्र व स्फुरद देऊन तीन वर्षे प्रयोग झाला. २०१९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खोडांच्या एकूण वाढीत खताने लक्षणीय फरक पडला नाही. पाणी हीच जेथे पहिली अडचण, तेथे नुसत्या खताची पोती काय करणार?

नत्राची उणीव काही वृक्ष स्वतःच भरून काढतात. प्रांताला ज्याचे नाव मिळाले तो ग्वानाकास्टे वृक्ष आपल्या खैराप्रमाणेच शिंबावर्गातील. त्याच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र बांधून ठेवतात. स्फुरदाचे तसे नाही. ते मुख्यतः खडकाच्या झिजेतून आणि कुजणाऱ्या पाल्यातून मातीत येते. वणवा लागला की पाल्यातील नत्राचा बराच अंश धुराबरोबर उडून जातो. स्फुरद राखेत उरते, आणि उतारावरील उघड्या जमिनीवरून पहिल्याच जोरदार पावसात ती राख ओढ्याला मिळते.