तुराटी, पऱ्हाटी आणि कमी धुराची चूल

चुलीतून निघणारा धूर म्हणजे न जळालेले सरपण. लाकूड तापू लागले की आधी त्यातले पाणी वाफ होऊन जाते, मग लाकडातून ज्वालाग्राही वायू सुटू लागतात. कोरड्या लाकडाचे तीन चतुर्थांशाहून अधिक वजन अशा वायूंच्या रूपानेच बाहेर पडते आणि मागे उरतो तो कोळसा. या वायूंना पुरेशी हवा, पुरेशी उष्णता आणि जळायला पुरेसा अवकाश मिळाला तर त्यांचा पिवळा, मोकळा जाळ होतो. चुलीच्या गार भिंतींना किंवा भांड्याच्या थंड बुडाला ते अर्ध्यावरच टेकले तर विझतात. त्यांचाच धूर होतो, भांड्याची काजळी होते, आढ्यावरचे काळे जळमट होते. तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा साधारण दहावा भाग भांड्याला मिळतो. बाकीची उष्णता आजूबाजूला पसरते, आणि जे नीट जळत नाही ते स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत आणि तिच्या मांडीवरच्या लेकराच्या छातीत जाते.

छातीत जाणाऱ्या या धुराचे मोजमाप आपल्या शेजारच्याच राज्यात पहिल्यांदा झाले. गुजरातच्या खेड्यांत कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर उपकरणे लावून त्या किती धूर घेतात हे मोजले. तो अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सहलेखकासह दाखवून दिले की, विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांमध्ये होणाऱ्या दम्यासारख्या चिवट फुप्फुसरोगामागे चुलीचा धूर हे मोठे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या हवेच्या प्रदूषणाने जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. भारतात बाहेरच्या हवेतील सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हा आकडा कित्येक शेकड्यांत जातो.

धूर आवरण्यासाठी कायदा करण्याची वाट लंडनने दाखवली. डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाच्या धुराने त्या शहरात हजारो माणसे मेली. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि धूर-नियंत्रित वस्त्या ठरवल्या गेल्या. अशा वस्तीत आजही मान्यताप्राप्त इंधन किंवा मान्यताप्राप्त शेगडीच चालते. भारताच्या १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्यात हीच तरतूद आहे. त्याच्या १९ व्या कलमानुसार राज्य सरकार एखादा भाग वायू प्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते आणि तिथे कोणते इंधन, कोणते उपकरण चालेल हे ठरवू शकते. घरगुती चुलीपर्यंत हा कायदा प्रत्यक्षात पोचलेला नाही. व्यवसायाच्या भट्ट्यांपर्यंत मात्र तो पोचू लागला आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांची यादी झाली, आणि त्यात मराठवाड्यातून औरंगाबाद, जालना यांच्याबरोबर लातूरचे नाव आहे. म्हणून लातूर शहरातल्या चहाच्या टपरीला, खानावळीला, वस्तीतल्या घराला कमी धुराची चूल निवडणे हा आता आरोग्याबरोबर नियमांचाही विषय होत चालला आहे.

निवडीची सुरुवात दुकानातून करून चालत नाही. ती घरामागच्या सरपणाच्या ढिगापासून करावी लागते. लातूर हा राज्यातील सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. तिथे लाकूड म्हणजे बांधावरची बाभूळ, वेडी बाभूळ आणि तुरीच्या तुराट्या. नांदेडला किनवट-माहूरकडे सागाचे जंगल आहे, पण बाकीच्या तालुक्यांत कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या हेच खरे जळण. चूल बनवणारे बहुतेक लोक चाचणी घेतात ती फाडलेल्या, एकसारख्या, सुक्या लाकडावर. तुराटी तशी नसते. ती बोटाएवढी बारीक असते, भर्रकन पेटते आणि तितक्याच लवकर संपते. ती चुलीत सारखी सारत राहावी लागते. पऱ्हाटी वाकडी, फाटे फुटलेली असते आणि अरुंद तोंडात अडकते. गोवरी जाळ धरण्याऐवजी धुमसते. दूध तापत ठेवायला ती चांगली, पण तिच्याइतका धूर दुसरे कोणतेच जळण करत नाही. पऱ्हाटीबाबत आणखी एक अडचण आहे. पऱ्हाट्यांचे ढीग घराजवळ किंवा बांधावर रचून ठेवले की गुलाबी बोंडअळीला त्यात आसरा मिळतो, म्हणून कृषी खाते ते रचू नका असे सांगते. वर्षभराचे जळण म्हणून पऱ्हाटीवर भिस्त ठेवणाऱ्या घराने हे ध्यानात घेऊन पावसाळ्याआधीच ती संपवलेली बरी.

सरकारी सुधारित चुलींचा इतिहास या निवडीला उपयोगी पडतो, कारण त्यात काय चुकले ते स्पष्ट दिसते. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या मध्यावर देशभर सुरू झाला आणि २००२ साली बंद झाला. एवढ्या काळात तीन कोटींवर चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या 'आरती' या संस्थेने या कामात मोठा वाटा उचलला. 'लक्ष्मी' ही दोन भांड्यांची, धुराड्याची चूल तिने लोकप्रिय केली. लोखंडी साच्यात ती एका मापाची पडत असे, आणि गावोगावचे कारागीर, त्यात बायकाही, ती बसवायला शिकले. साच्याचे महत्त्व मोठे होते. हाताने घातलेल्या चुलीत बोटभर फरक पडला तरी ओढ बिघडते. पण अनुदानाचा आकडा गाठण्यासाठी अनेक ठिकाणी चुली घाईने बसल्या. धुराड्याचे नळ फुटले ते बदलले गेले नाहीत, काजळी कधी काढली गेली नाही. शेवटी घरच्या माणसांनीच चुलीचे तोंड फोडून मोठे केले, कारण त्यात त्यांचे जळण मावत नव्हते. एकदा तोंड फोडले की ती पुन्हा जुनीच चूल झाली.

दुसरा धडा पुण्यातूनच आला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने तयार झालेली 'ऊर्जा' ही पंख्याची चूल २००६ पासून महाराष्ट्रात आणि दक्षिणेत विकली गेली. ती जळायची शेतीच्या टाकाऊ मालाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर. धूर खरोखर कमी व्हायचा आणि काही लाख घरांनी ती घेतली. पुढे या गोळ्यांत लागणाऱ्या उसाच्या चिपाडाला साखर कारखान्यांच्या वीजनिर्मितीतच मागणी वाढली, गोळ्या महागल्या आणि चुली फळीवर जाऊन बसल्या. ज्या चुलीचे इंधन आपल्या शेतात किंवा आठवडी बाजारात मिळत नाही, ती कितीही चांगली असली तरी खेड्यात टिकत नाही. हे त्या चुलीने पुरते सिद्ध केले.

आज बाजारात मिळणाऱ्या चुली मुख्यतः तीन जातींच्या. पहिली बांधीव, धुराड्याची. ती धूर कमी करते त्याहून जास्त तो घराबाहेर नेते, म्हणून एकट्या शेतवस्तीला उत्तम, दाट गल्लीला तितकी नाही. दुसरी 'रॉकेट' चूल. अमेरिकेत लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात तिची रचना मांडली. आडव्या तोंडातून सरपण आत जाते आणि वर उभी, उष्णतारोधक नळी असते. त्या तापलेल्या नळीत वायू भांड्याला टेकण्याआधीच जळून जातात. तुराटीला ही सर्वांत जवळची, कारण बारीक काड्या सारत राहणे हाच तिचा स्वभाव आहे. तिसरी वायूजनक, छोट्या पंख्याची. तिच्यात जळण आधी भरून वरून पेटवतात आणि पंखा वायूंत हवा मिसळतो. धूर सर्वांत कमी हिचाच. पण जळणाचे बोटभर तुकडे करावे लागतात, मध्येच भर घातली की धूर होतो, आणि पंख्याला बॅटरी किंवा वीज लागते. जुन्या काळची भुश्याची शेगडी याच कुळातली. टपरीवाले पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करून भुसा ठासतात आणि बाटली काढून त्या भोकातून ती पेटवतात. नीट ठासली तर ती तासन्‌तास सारख्या आचेवर जळते.

या तिन्हींपैकी कोणती, हे मराठवाड्यात शेवटी ज्वारीची भाकरी ठरवते. भाकरी तव्यावर एका बाजूने भाजते, पाणी लावलेली बाजू उलटते, आणि मग तव्यावरून उतरून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांना टेकून उभी राहते. तिथे ती क्षणात टम्म फुगते, कडेला तांबूस डाग येतात. यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, मोठ्या तव्याच्या कडेपर्यंत पोचणारी आच. दुसरी, बाहेर ओढता येणारा आर. अरुंद नळीच्या चुलीवर तव्याचा मध्य करपतो आणि कडा कच्च्या राहतात. पंख्याच्या चुलीत निखारा बाहेर निघतच नाही. म्हणून चूल घेताना घरचा तवा बरोबर न्यावा आणि दुकानातच एक भाकरी करून पाहावी. यात संकोच करण्यासारखे काही नाही. ज्या विक्रेत्याला हे मान्य नाही त्याची चूल घेऊ नये. बेसन हाटताना किंवा वरण घोटताना भांडे एका हाताने रेटले जाते, तेव्हा चूल हलता कामा नये हेही तिथेच कळते.

भारतीय मानक ब्यूरोचे मानक आयएस १३१५२, भाग १, हे वाहून नेता येणाऱ्या चुलींसाठी आहे. २०१३ च्या सुधारणेनुसार पंखा नसलेल्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के हवी, पंख्याच्या चुलीची ३५ टक्के. भांड्याला मिळालेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे धुराचे कण पंखा नसलेल्या चुलीत ३५० मिलिग्रॅमपेक्षा आणि पंख्याच्या चुलीत १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दोन्हींना ५ ग्रॅम. चुलीवर किंवा तिच्या कागदावर हे आकडे आहेत का ते पाहावे. नुसते 'धूरविरहित' असे छापलेले असेल तर त्याला अर्थ नाही, कारण लाकडाची धूरविरहित चूल नसते. मानकात बसणारी चूलसुद्धा बंद खोलीत धोक्याचीच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात निखाऱ्याची शेगडी दार लावून झोपण्याच्या खोलीत ठेवणे जिवावर बेतते.

घराची बांधणीही पाहायला हवी. जुन्या माळवदाच्या घरात छताला सवणे असे. त्यातून उजेड यायचा आणि धूर जायचा. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी आणि आसपासच्या पुनर्वसित गावांत सिमेंटच्या छताची घरे आली, आणि त्या छताला सवणे नाही. अशा घरात चूल आत ठेवायची तर धुराडे छताच्या वर दोन-अडीच फूट काढावे, वर पावसासाठी टोपी बसवावी. नाहीतर पडवीत, एक बाजू मोकळी ठेवून चूल मांडावी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. दिवाळीपासून चार-पाच महिने पाचटाच्या कोपीत काढणाऱ्यांना बांधीव चुलीचा उपयोग नाही. त्यांना हलकी, कडीची, बूड तापले तरी पाचट न पेटवणारी चूल लागते. त्यांच्यासाठी पत्र्याच्या आवरणाची छोटी रॉकेट चूल आणि तिच्याखाली एक फरशी, एवढे पुरे होते.

घरात गॅस आला तरी चूल जात नाही. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि गॅस खेड्यांत पोचला, पण आंघोळीचे पाणी अजून बऱ्याच घरी लाकडावरच तापते. थंडीत सर्वांत जास्त सरपण खाणारा स्वयंपाक नव्हे, बंब असतो. म्हणून गॅस असलेल्या घराने भाकरीची चूल शोधण्याआधी पाण्याची सोय पाहावी. सौर बंब परवडत नसेल तर मोठ्या भांड्याची रॉकेट चूल पाण्यासाठी अंगणात ठेवावी. एवढ्यानेच घरातला निम्मा धूर कमी होतो असे अनेक घरांत दिसते.

चूल कोणतीही असो, ओले जळण तिला हरवते. तुराटी वाकवली तर ती कट् असा आवाज करून तुटली पाहिजे. ती वाकते आणि सालीला लोंबत राहते, तोवर तिच्यात पाणी आहे. जाळीखाली राख साचली की हवा बंद होते, म्हणून ती रोज सकाळी काढावी. धुराड्याची ओढ पाहायची तर चूल पेटवण्याआधी तोंडाशी पेटती काडी धरावी. ज्योत आत वळली तर नळ मोकळा आहे. बाहेर वळली तर नळात काजळी आहे, आणि काठीला चिंधी बांधून ती महिन्यातून एकदा खाली पाडावी लागते. जुन्या सरकारी चुलींचे करड्या सिमेंटचे नळ अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेले असत. ते तुटले तर घासून, कापून पुन्हा वापरू नयेत, पत्र्याचा नवा नळ घालावा. पत्र्याच्या चुलीत आधी झिजते ती आतली जाळी. तिचा जोड लातूर-नांदेडच्या बाजारात सुटा मिळतो का, हे चूल घेतानाच विचारून ठेवावे. न मिळाल्यास गावातला लोहार त्याच मापाची सळयांची जाळी करून देतो.