सावल्यांची मोजणी



चंद्राच्या छायाचित्रांवरून तिथल्या चढउतारांचे नकाशे कसे काढायचे, यावर आपण दोन दिवस बोलणार आहात. स्वागताध्यक्षानं लवकर आटपावं, हा संकेत मला ठाऊक आहे. पण जन्म जमीन मोजण्यात गेला, त्यामुळे राहवत नाही.

सावलीचा हिशेब सरळ. उजेड-अंधाराच्या सीमेपलीकडे, काळोखात चमकणारी शिखरं गॅलिलिओनं हेरली आणि सीमेपासूनच्या अंतरावरून त्यांची उंची काढून १६१० साली छापली. आज चांद्रयान-२ चा कॅमेरा शंभर किलोमीटरवरून पाव मीटरचा पिक्सेल टिपतो. मीटरभर रुंद आणि तेवढाच उंच दगड त्यात जेमतेम चार पिक्सेलचा. पण सूर्य दहा अंशांवर असला, की सपाटीवर त्याची सावली साडेपाच मीटरांच्या पुढे जाते, म्हणजे वीसहून जास्त पिक्सेल. दगड नजरेतून सुटेल, सावली सुटायची नाही. चांद्रयान-३ उतरवण्याची जागा पारखताना याच कॅमेऱ्याची चित्रं कामी आली.

छटांचं प्रकरण मात्र अवघड. उन्हाकडे तोंड केलेला उतार उजळ, पाठ फिरवलेला मंद, एवढंच सूत्र. रेंजर यानांनी घेतलेल्या चंद्राच्या चित्रांसाठी रिंडफ्लाइश यांनी १९६६ मध्ये त्याचं गणित बसवलं. बर्थोल्ड हॉर्न यांनी १९७० च्या प्रबंधात ते आणखी पुढे नेलं. तरी उजळपणा उताराचा की मातीचा, हे एकटं चित्र सांगत नाही. शिवाय कळतो तो उतार, तोही मुख्यतः उन्हाच्या दिशेतला. उंचीसाठी उतारांची बेरीज करत जावं लागतं आणि बेरजेत चूकही साचते. म्हणून लेसरनं मोजलेले बिंदू पक्के धरावेत आणि मधली जागा छटांनी भरावी, हे मला पटतं.

एक तक्रार मात्र आहे. हे नकाशे फार देखणे असतात, आणि देखण्या नकाशाला चूक किती, असं कुणी विचारत नाही. इथे विचारा. वेगळ्या दिशेच्या उन्हातल्या चित्रातही नकाशातला खड्डा तिथंच निघतो का, हे दाखवल्याशिवाय मान डोलवू नका.

जेवण साडेबाराला, मागच्या मंडपात. वक्त्यांना एक विनंती: पडद्यावरच्या प्रत्येक चित्रात ऊन कुठून येतंय ते बाणानं दाखवा, नाहीतर आम्हा मंडळींना खड्ड्यांच्या टेकड्या दिसतात. अध्यक्षमहोदय, पहिलं सत्र सुरू करावं.